वाचकांचे प्रश्न : एकच नियंत्रक, दोन प्रयोगशाळा, दोन निकाल

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडणारा व बंद करणारा नियंत्रक आम्ही बनवतो. तो बॅटरी आणि लहान सौर पॅनेलवर चालतो. त्याला अर्थिंगची तार नाही. एका निविदेसाठी आम्ही पुण्यातील एका प्रयोगशाळेत त्याची स्थिर विद्युत विसर्गाची, म्हणजे ईएसडीची, चाचणी करून घेतली. कॉन्टॅक्ट डिस्चार्ज (गनचे टोक उपकरणाला टेकवून दिलेला) ८ किलोव्होल्ट आणि एअर डिस्चार्ज (टोक जवळ नेऊन हवेतून ठिणगी पाडून दिलेला) १५ किलोव्होल्ट या दोन्ही पातळ्यांवर तो उत्तीर्ण झाला. दोन महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाच्या आग्रहावरून त्याच बॅचमधील नियंत्रक मुंबईकडील एका प्रयोगशाळेत दिला, तर तो ६ किलोव्होल्टलाच रीसेट होऊ लागला. दोन्ही प्रयोगशाळांना एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे आणि दोघांच्या गनची, म्हणजे डिस्चार्ज देणाऱ्या हातातील यंत्राची, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे मुदतीत आहेत. मग खोटे कोण ठरते, पहिली गन की दुसरी?
— एक लघुउद्योजक, जळगाव

उत्तर : बहुधा दोघींपैकी एकही नाही. आपल्या भागात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. एका केंद्रावरचा ओलावा मोजणारा मीटर एक आकडा दाखवतो, दुसऱ्या केंद्रावरचा दुसराच, आणि दोन्ही मीटर तपासलेले असतात. कापूस तोच असला तरी सुई कोठे खुपसली, बोंडे किती दाबली आणि गाडीच्या कोणत्या थरातून नमुना काढला, यावर आकडा हलतो. ईएसडी चाचणीत हलणाऱ्या गोष्टी याहून पुष्कळ जास्त आहेत. आपल्या प्रश्नात त्यांतील किमान तीन एकत्र आल्या असाव्यात, असे मला वाटते.

आधी गनविषयी. आपली चाचणी आयईसी ६१०००-४-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार झाली असणार. भारतीय मानकांत तेच आयएस १४७००, भाग ४, विभाग २ म्हणून स्वीकारलेले आहे. या मानकातील गन म्हणजे हातात धातूची किल्ली धरलेल्या माणसाची नक्कल होय. १५० पिकोफॅरडचा कपॅसिटर ३३० ओहमच्या रोधातून रिकामा होतो. त्या प्रवाहाचा आकार चार गोष्टींनी बांधलेला आहे. ८ किलोव्होल्टच्या कॉन्टॅक्ट डिस्चार्जमध्ये पहिले शिखर ३० अँपिअरचे असावे, चढण्यास ०.८ नॅनोसेकंद लागावेत, ३० नॅनोसेकंदांनी १६ अँपिअर आणि ६० नॅनोसेकंदांनी ८ अँपिअर उरावेत. मात्र २००८ च्या आवृत्तीनुसार शिखराला १५ टक्के, चढण्याच्या काळाला २५ टक्के आणि मागच्या दोन आकड्यांना ३० टक्के इतकी मुभा दोन्ही बाजूंना आहे. १९९५ च्या आवृत्तीत शिखराची मुभा १० टक्केच होती. ऑसिलोस्कोपची किमान बँडविड्थ १ गिगाहर्ट्झवरून २ गिगाहर्ट्झवर नेली गेली आणि त्याच सुधारणेत शिखराची मुभा मात्र वाढली. मोजमाप सुधारले म्हणून गन एकमेकींसारख्या झाल्या, असे समजण्याचे कारण नाही.

या मुभेचा अर्थ आपल्या सर्किटच्या भाषेत मांडून पाहू. नियंत्रक रीसेट होतो तो बहुतेक वेळा प्रवाहाच्या आकारमानामुळे नव्हे, तर तो किती झपाट्याने वाढला यामुळे. डिस्चार्जचा प्रवाह ज्या मार्गाने वाहतो त्याच्या शेजारी रीसेट पिनची लांब ट्रॅक (सर्किट बोर्डावरील तांब्याची रेघ) असेल, तर तिच्यात निर्माण होणारे व्होल्टेज प्रवाहाच्या वाढीच्या वेगाशी प्रमाणात असते. चढण्याचा काळ शिखराच्या १० ते ९० टक्क्यांदरम्यान मोजतात, म्हणून एका टोकाला २५.५ अँपिअर शिखर आणि १ नॅनोसेकंद चढण असलेली गन सुमारे २० अँपिअर प्रति नॅनोसेकंद एवढा वेग देईल. दुसऱ्या टोकाला ३४.५ अँपिअर आणि ०.६ नॅनोसेकंदाची गन ४६ अँपिअर प्रति नॅनोसेकंद देईल. दोन्ही गन मानकात बसतात, दोघींच्या प्रमाणपत्रावर शिक्का मिळतो. परंतु ट्रॅक आणि डिस्चार्जचा मार्ग यांच्यात केवळ १ नॅनोहेन्रीचे परस्पर प्रेरकत्व असले, तरी पहिली गन त्या ट्रॅकवर २० व्होल्ट उठवील आणि दुसरी ४६ व्होल्ट. प्रत्यक्षात इतक्या टोकाच्या दोन गन क्वचितच समोरासमोर येतात. पण ८ किलोव्होल्ट आणि ६ किलोव्होल्ट यांतील फरक भरून काढण्यास याच्या निम्माही फरक पुरेसा आहे.

दुसरी अडचण कॅलिब्रेशनच्या पद्धतीतच आहे. गन तपासताना तिचे टोक एका मोठ्या धातूच्या पत्र्याच्या मध्यभागी बसवलेल्या सुमारे २ ओहमच्या टार्गेटवर टेकवतात आणि टार्गेटमधून जाणारा प्रवाह पाहतात. आपला नियंत्रक २ ओहमचा नाही आणि पत्र्यावर बसवलेलाही नाही. शिवाय त्या तपासणीत गनच्या आतील रिले, तिची रचना आणि तिची जमिनीकडे जाणारी तार यांतून आजूबाजूला पसरणारे विद्युत व चुंबकीय क्षेत्र मोजलेच जात नाही. प्रवाहाचा आलेख एकसारखा असलेल्या दोन कंपन्यांच्या गन शेजारच्या सर्किटवर वेगवेगळे क्षेत्र टाकू शकतात. वेगवान मायक्रोकंट्रोलर तर प्रवाह प्रत्यक्ष अंगातून न जाताही या क्षेत्राने गोंधळतात. ३० आणि ६० नॅनोसेकंदांच्या दोन बिंदूंमध्ये आलेखाने कसे वागावे, यावरही मानकाची पकड सैलच आहे. म्हणून 'दोन्ही गन कॅलिब्रेट केलेल्या आहेत' या वाक्याचा अर्थ दोघींनी चार प्रश्नांची उत्तरे मुभेत दिली, इतकाच घ्यावा.

परंतु आपल्या बाबतीत गनपेक्षा माझा पहिला संशय आपण सहज लिहून गेलेल्या एका वाक्यावर आहे, आणि ते म्हणजे 'अर्थिंगची तार नाही'. मांडणीत ०.८ मीटर उंचीचे लाकडी टेबल, त्यावर १.६ गुणिले ०.८ मीटरचा धातूचा पत्रा, पत्र्यावर ०.५ मिलिमीटर जाडीचा इन्सुलेटिंग कागद आणि त्या कागदावर आपला नियंत्रक असतो. पत्रा दोन ४७० किलोओहमच्या रोधांतून जमिनीला जोडलेला असतो. नियंत्रकाला मात्र कोणताच मार्ग नाही, त्यामुळे पहिल्या डिस्चार्जचा भार त्याच्यावर तसाच बसून राहतो. समजा, त्याची पत्र्याशी असलेली कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड आहे. गनच्या १५० पिकोफॅरडमधील ८ किलोव्होल्टचा भार दोघांत वाटला गेला की नियंत्रक ६ किलोव्होल्टवर जाऊन थांबतो. पुढच्या सेकंदाला गन पुन्हा ८ किलोव्होल्टवर येते, पण आता दोघांतील फरक फक्त २ किलोव्होल्ट उरतो. तिसऱ्या वेळी तो अर्ध्या किलोव्होल्टवर येतो. नोंदवहीत १० डिस्चार्ज लिहिले जातात आणि त्यांतील खरा एकच असतो.

यासाठी मानकाने सांगितले आहे की अशा उपकरणावरील भार प्रत्येक डिस्चार्जनंतर काढून टाकावा. दोन्ही टोकांना ४७० किलोओहमचे रोध असलेली तार लावून, किंवा रोध जोडलेल्या कार्बन तंतूंच्या ब्रशने पुसून, किंवा भार आपोआप ओसरण्याइतका वेळ थांबून हे करता येते. हे काम कंटाळवाणे असल्याने ते गाळले जाते, हे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे. पहिल्या प्रयोगशाळेने भार काढला नसेल आणि दुसरीने काढला असेल, तर आपल्याला मिळालेला निकाल मुळीच आश्चर्याचा नाही, आणि मग दुसरीचा निकालच अधिक खरा मानावा लागेल. दोघांना लेखी विचारा की प्रत्येक डिस्चार्जनंतर भार कसा काढला आणि दोन डिस्चार्जमध्ये किती वेळ ठेवला. उत्तर अहवालात नसेल तर मांडणीची छायाचित्रे मागा. ब्रश किंवा रोधाची तार त्यांत दिसली पाहिजे.

तिसरी गोष्ट निव्वळ गणिताची आहे, आणि ती अनुभवी माणसेही विसरतात. आपला प्रोग्राम सतत एकच काम करीत नाही. तो कधी झोपलेला असतो, कधी घड्याळ वाचतो, कधी व्हॉल्व्हच्या कॉइलला पल्स देतो. डिस्चार्ज नेमका नाजूक क्षणी पडला तरच रीसेट होतो. समजा, एका डिस्चार्जने रीसेट होण्याची शक्यता ५ टक्के आहे. मानकाप्रमाणे एका बिंदूवर किमान १० डिस्चार्ज दिले, तर एकदाही रीसेट न होण्याची शक्यता सुमारे ६० टक्के येते. म्हणजे तीच गन, तेच टेबल आणि तोच तंत्रज्ञ असतानाही चाचणी दोनदा केल्यास एकदा उत्तीर्ण आणि एकदा अनुत्तीर्ण असा विसंगत निकाल लागण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के आहे! ५० डिस्चार्ज दिले तर निसटण्याची शक्यता ८ टक्क्यांच्या आत येते. १० ही किमान संख्या आहे, मर्यादा नव्हे. जास्त द्यायला कोणी हरकत घेत नाही. प्रयोगशाळेच्या तासाच्या भाड्याचा प्रश्न येतो, हे मान्य.

निकष कोणता धरला, हेही पाहून घ्या. डिस्चार्जने नियंत्रक रीसेट झाला आणि स्वतःहून पुन्हा सुरू झाला, तर एक ग्राहक त्याला 'ब' निकष म्हणून स्वीकारतो. दुसरा म्हणतो की रीसेट होताना उघडा व्हॉल्व्ह बंद झाला आणि केळीच्या बागेला पाणी मिळाले नाही, म्हणजे माणसाला जाऊन पुन्हा सुरू करावे लागले. तो 'क' निकष झाला आणि तो चालणार नाही. पहिल्या अहवालात 'उत्तीर्ण' लिहिताना नियंत्रक रीसेट झालाच नव्हता की झाला आणि सावरला, हे शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. तसे नसेल तर दोन निकालांची तुलना करण्यात अर्थ नाही.

वाहनांसाठीच्या आयएसओ १०६०५ चाचणीचे सुटे मॉड्यूल गनमध्ये राहून गेले, असेही कधी घडते. त्यातील २ किलोओहमच्या रोधाने पहिले शिखर तसेच दिसते, पण मागचा प्रवाह पार खाली येतो. हे विचारण्यास एक ओळ पुरते.

आता करायचे काय, ते सांगतो. नियंत्रकाचा एक नग संदर्भनग म्हणून बाजूला ठेवा, त्यावर क्रमांक टाका आणि त्याचा फर्मवेअर बदलू नका. पुढील प्रत्येक प्रयोगशाळेत आधी तोच द्या. चाचणी 'उत्तीर्ण की अनुत्तीर्ण' येथे थांबवू नका. २ किलोव्होल्टपासून १-१ किलोव्होल्टने वाढवत नेऊन पहिली चूक कोणत्या पातळीवर आणि कोणत्या बिंदूवर होते, हे प्रत्येक ध्रुवतेसाठी (धन व ऋण) नोंदवून घ्या. दोन ठिकाणच्या या उंबरठ्यांची तुलना केल्यावरच गनमध्ये किती फरक आहे, हे आपल्याला दिसेल. दोघांकडून कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचा शिक्का नव्हे, तर त्यातील शिखर, चढण्याचा काळ आणि मागचे दोन आकडे मागा. ते आकडे आपल्या उंबरठ्यांशी जुळतात का, हे पाहण्यात एक दुपार गेली तरी ती वाया जात नाही.

माझ्या मते ८ किलोव्होल्टची अट असलेल्या उपकरणाचा उंबरठा एकाच गनवर ८ किलोव्होल्टच्या किंचित वर असेल, तर ते उपकरण उत्तीर्ण झालेले नाही. ते फक्त त्या दिवशी वाचले. दोन गनमधील कायदेशीर फरकही पचवता यावा, म्हणून १२ किलोव्होल्टपर्यंत ते टिकेल असे पाहावे. सर्किटमध्ये काय बदलावे हा वेगळा विषय आहे, तरी तीन जागा आधी तपासा. रीसेट पिनपाशी लहान कपॅसिटर अगदी पिनला लागून आहे का, व्हॉल्व्हच्या वायरी जेथे पेटीत शिरतात तेथील टीव्हीएस डायोडची (जादा व्होल्टेज जमिनीकडे वळवणाऱ्या डायोडची) जमिनीकडे जाणारी ट्रॅक आखूड आहे का, आणि रीसेट झाल्यावर व्हॉल्व्हची आधीची स्थिती कायमस्वरूपी मेमरीतून वाचली जाते का. तिसरी गोष्ट केलीत, तर शेतकऱ्याला रीसेट झाल्याचे कळणारही नाही.

प्रश्न : आम्ही भुसावळला आमच्याच वर्कशॉपमध्ये जुनी ईएसडी गन वापरून प्राथमिक चाचणी करतो. जानेवारीत आणि मे महिन्यात कॉन्टॅक्ट डिस्चार्जचे निकाल साधारण सारखे येतात, परंतु एअर डिस्चार्जचे निकाल पूर्णपणे बदलतात. गन बिघडली असावी का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : कॉन्टॅक्ट डिस्चार्ज स्थिर आहे, त्याअर्थी गनवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. एअर डिस्चार्जमध्ये ठिणगी कधी पडावी हे गन ठरवीत नाही, हवा आणि तुमचा हात ठरवतात. गनचे गोल टोक उपकरणाकडे नेताना अंतर पुरेसे कमी झाले तरी ठिणगी लगेच पडत नाही. हवेत एखादा मोकळा इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत ती थोडी रेंगाळते. कोरड्या हवेत हे रेंगाळणे वाढते. तेवढ्या काळात हात आणखी पुढे जातो, ठिणगी आखूड होते आणि आखूड ठिणगीतून प्रवाह अधिक झपाट्याने व अधिक उंच चढतो. म्हणजे तेच १५ किलोव्होल्ट कोरड्या हवेत अधिक कठोर ठरतात, आणि टोक वेगाने नेणाऱ्या माणसाच्या हातात त्याहूनही कठोर. याच कारणाने १९८४ मध्ये आयईसी ८०१-२ या नावाने आलेल्या मूळ मानकातील एअर डिस्चार्जवर समाधान न मानता १९९१ च्या आवृत्तीत कॉन्टॅक्ट डिस्चार्ज आणला गेला, आणि आजही जेथे धातूला टोक टेकवता येते तेथे तोच करावा असे मानक सांगते.

एअर डिस्चार्जसाठी खोलीचे तापमान १५ ते ३५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ६० टक्के असावी लागते. भुसावळचा मे महिना, तोही पत्र्याच्या शेडमधला, यांत कोठेच बसत नाही. बरेच जण अशा वेळी कूलर लावतात. कूलरने तापमान उतरते हे खरे, पण दारे बंद असलेल्या खोलीत आर्द्रता भराभर ६० टक्क्यांपलीकडे जाते आणि आता चूक उलट दिशेला होते. एअर कंडिशनर असलेली लहान खोली आणि भिंतीवर एक तपासलेला आर्द्रतामापक एवढे पुरे. प्रत्येक पानावर तापमान व आर्द्रता लिहा. ती न लिहिलेली एअर डिस्चार्जची नोंद मी तरी ग्राह्य धरत नाही. टोक नेण्याचा वेगही एकाच माणसाच्या हाती ठेवा.

आपल्या मनात येईल की शेतात आणि दुकानात हवा कोरडीच असणार, मग कृत्रिम ओलाव्यात चाचणी कशाला? याचा विचार मानकाने पातळी निवडताना केला आहे. त्याच्या मार्गदर्शक कोष्टकात सिंथेटिक पृष्ठभाग आणि १० टक्क्यांपर्यंत उतरणारी आर्द्रता यांसाठी १५ किलोव्होल्टची पातळी दिली आहे, तर ५० टक्के आर्द्रतेला ८ किलोव्होल्टची. खान्देशात विकायच्या वस्तूला सर्वांत वरची पातळी निवडावी आणि ती चाचणी मात्र ठरलेल्या हवेत करावी.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे अंगावरचा स्थिर भार जमिनीत सोडणारा मनगटी पट्टा, तपासणारे दोन टेस्टर आहेत. उन्हाळ्यात एकच विद्यार्थी एकावर हिरवा आणि दुसऱ्यावर लाल दिवा पाहतो. कोणता टेस्टर काढून टाकावा?
— एक अध्यापिका, धुळे

उत्तर : दोन्ही ठेवा, आधी त्यांच्या मर्यादा वाचा. स्ट्रॅपमध्ये सुरक्षेसाठी १ मेगाओहमचा रोध असतो आणि टेस्टर स्ट्रॅप, वायर व त्वचा मिळून एकूण रोध पाहतो. एएनएसआय/ईएसडी एस २०.२० या मानकाची वरची मर्यादा ३५ मेगाओहम आहे, पण अनेक टेस्टर १० मेगाओहमवर लावलेले असतात. पावसाळ्यात घामट मनगटाला दोन्ही पास करतात. धुळ्याच्या उन्हाळ्यात त्वचा सुकते, एकूण रोध १० आणि ३५ मेगाओहमच्या मधे कोठेतरी येतो आणि दोन दिवे भांडू लागतात. त्यातच दोन टेस्टरचे चाचणी व्होल्टेज वेगळे असेल तर कोरड्या त्वचेचा रोधही वेगळाच दिसतो, कारण व्होल्टेज वाढले की तो कमी होतो.

टेस्टर तपासण्यासाठी विद्यार्थ्याचे मनगट वापरू नका. एका डबीत १ मेगाओहम, ९ मेगाओहम, ३० मेगाओहम आणि ४० मेगाओहमचे चार रोध बसवा, ते चांगल्या मीटरवर मोजून त्यांवर लेबल लावा, आणि दर सोमवारी दोन्ही टेस्टरना तेच चार रोध दाखवा. ३५ मेगाओहमच्या मर्यादेच्या टेस्टरने पहिल्या तिघांना हिरवा आणि चौथ्याला लाल दिवा दिला पाहिजे. १० मेगाओहमचा असेल तर पहिल्या दोघांनाच हिरवा. तसे होत असेल आणि तरीही विद्यार्थ्याला लाल दिसत असेल, तर दोष त्वचेचा किंवा सैल पट्ट्याचा आहे. पट्टा आवळून घ्या आणि ईएसडी कामासाठी मिळणारे लोशन लावा. घरचे खोबरेल तेल मात्र लावू देऊ नका, ते विजेला मार्ग देत नाही आणि पीसीबीवर डाग पडतात ते वेगळेच.